डी अँड डीमधली जादू: कॅरेक्टरला स्पेल येतात कुठून आणि संपतात कधी

"ताई, मी तीन लेव्हलची झाले ना? मग तिसऱ्या लेव्हलचे स्पेल का नाही घेता येत?"

नेरूळला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी संध्याकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे डी अँड डी या फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचं, टेबल बसतं. मी डीएम असते, म्हणजे डंजन मास्टर: गोष्ट सांगायची, राक्षस चालवायचे आणि नियमांवरून अडलं की सोडवायचं. कुणी पहिल्यांदाच जादू करणारं कॅरेक्टर घेतलं की हा प्रश्न येतोच. तलवारवाल्याचं गणित सरळ असतं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मिळवायचा, वार लागला की नाही ते बघायचं. जादूवाल्याच्या शीटवर, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहायच्या कागदावर, मात्र पानभर रकाने असतात आणि त्यातला कुठला कशासाठी आहे, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. मग माणूस वैतागून पुढच्या वेळी फायटर घेतो. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण या खेळातला सर्वांत सुंदर भाग त्याच रकान्यांत आहे.

जादूबद्दलचे सगळे नियम तीन प्रश्नांची उत्तरं देतात. ही ताकद या कॅरेक्टरकडे आली कुठून? त्याला कोणकोणते स्पेल, म्हणजे मंत्र, येतात? आणि आज ते किती वेळा करता येतील? पहिला प्रश्न बहुतेक जण गोष्टीपुरता मानतात. चार ओळींचा पूर्वेतिहास लिहायचा, वडील वारले, गाव जळालं, झालं. माझं म्हणणं असं, की पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातूनच बाकीची दोन्ही उत्तरं निघतात. ते एकदा कळलं की तक्ते पाठ करावे लागत नाहीत.

आमच्या टेबलावर पाचव्या आवृत्तीची २०१४ची पुस्तकं वापरतो, म्हणून इथले आकडे त्यातले. २०२४मध्ये नियम सुधारून आले. त्यातले मोठे बदल शेवटाकडे सांगते.

आधी सुरुवातीला दिलेल्या प्रश्नाचं उत्तर. कॅरेक्टरच्या लेव्हल असतात १ ते २०. स्पेलच्या लेव्हल असतात १ ते ९. या नऊ पायऱ्या वीस लेव्हलांत पसरायच्या, म्हणून पूर्ण वेळ जादू करणाऱ्या क्लासला, म्हणजे कॅरेक्टरच्या प्रकाराला, साधारण दर दोन लेव्हलांनी एक नवी पायरी उघडते. तिसऱ्या लेव्हलला दुसरी, पाचव्या लेव्हलला तिसरी, सातव्याला चौथी, असं करत सतराव्या लेव्हलला नववी. सगळ्यांना हवा असलेला फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे, म्हणजे विझार्डला (अभ्यासातून जादू शिकणाऱ्याला) तो पाचव्या लेव्हलला मिळतो. वीस फूट त्रिज्येत आग पसरते आणि सहा बाजूंचे आठ फासे एकदम टाकायचे असतात. त्या रविवारी टेबलावरचे सगळे उभे राहून फासे बघतात.

आता स्लॉट. स्लॉट म्हणजे आज किती ताकद शिल्लक आहे, त्याचा हिशेब. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे पहिल्या पायरीचे २ स्लॉट असतात. तिसऱ्या लेव्हलला पहिल्या पायरीचे ४ आणि दुसरीचे २. पाचव्याला ४, ३ आणि २. विसाव्या लेव्हलला सगळे मिळून २२. स्पेल केला की एक स्लॉट खर्च होतो, स्पेल मात्र विसरला जात नाही. लहान स्पेल मोठ्या स्लॉटने करता येतो, मोठा स्पेल लहान स्लॉटने करता येत नाही. ठाणे–वाशी लाइनवर फर्स्ट क्लासचा पास असला तर सेकंडच्या डब्यात बसायला कुणी अडवत नाही, उलट केलं तर टीसी दंड लावतो, तसंच हे. मात्र इथे वरच्या स्लॉटचे पैसे बहुधा वसूल होतात. मॅजिक मिसाइल पहिल्या पायरीच्या स्लॉटने केला तर तीन बाण सुटतात, दुसऱ्या पायरीच्या स्लॉटने केला तर चार. सगळ्या स्पेलना असा फायदा नसतो. शील्ड कितीही मोठ्या स्लॉटने केला तरी तेवढाच राहतो. म्हणून स्पेलच्या वर्णनातली शेवटची ओळ वाचल्याशिवाय मोठा स्लॉट उडवू नये.

पहिल्या पायरीच्याही खाली कँट्रिप असतात. त्यांना स्लॉट लागत नाही, दिवसभर हव्या तितक्या वेळा करा. फायर बोल्टचं नुकसान सुरुवातीला दहा बाजूंचा एक फासा असतं, मग ५, ११ आणि १७ या लेव्हलांना एकेक फासा वाढत जातो. तो आपोआप वाढतो, त्यासाठी काही निवडावं लागत नाही. स्लॉट संपले म्हणून जादूवाला रिकामा बसत नाही, तो या कँट्रिपमुळे.

विझार्ड: वहीत लिहिलेली जादू

संजीवनी विद्येसाठी कच शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून राहिला. कर्ण कवचकुंडलं घेऊनच जन्माला आला. भस्मासुराने शंकराकडून वर मागून घेतला. ताकद मिळण्याच्या या वाटा आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात. त्यामुळे डी अँड डीचे क्लास समजायला आपल्याला खरं तर सोपे जायला हवेत. विझार्डची वाट कचाची.

विझार्डची सगळी जादू अभ्यासातून आलेली असते, आणि ती एका वहीत असते. त्या वहीला स्पेलबुक म्हणतात. पहिल्या लेव्हलला वहीत ६ स्पेल असतात, पुढे प्रत्येक लेव्हलला २ वाढतात. वहीत आहे म्हणून ते सगळे आज करता येतील असं नाही. रात्रीची पूर्ण विश्रांती झाली की विझार्ड वही उघडून बसतो आणि आजच्या दिवसासाठी काही स्पेल तयार करतो. किती? त्याची लेव्हल अधिक त्याच्या इंटेलिजन्सचा, म्हणजे बुद्धीच्या गुणाचा, बोनस. तिसऱ्या लेव्हलला इंटेलिजन्स १६ असेल तर बोनस ३, म्हणजे ६ स्पेल तयार. वहीत एव्हाना १० असतात. त्या दहांतले कुठले सहा घ्यायचे, याचा विचार दिवस सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो. आज गुहेत उतरायचं आहे की राजवाड्यात मेजवानीला जायचं आहे, यावर यादी बदलते.

दोन लेव्हलांमध्येही वही वाढू शकते, आणि ते फक्त विझार्डला जमतं. हे मी जरा जवळून दाखवते. वर जिचा प्रश्न दिला ती मुलगी ऐरोलीहून येते. पुढे तिचं कॅरेक्टर पाचव्या लेव्हलला पोचलं, आणि एका मेलेल्या जादूगाराच्या तळघरात तिला त्याची वही सापडली. त्यात काउंटरस्पेल होता, तिसऱ्या लेव्हलचा. नियम असा की दुसऱ्याच्या वहीतला स्पेल आपल्या वहीत उतरवायला स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात. म्हणजे ६ तास आणि १५० नाणी. तिच्याकडे ११० होती. तिने टेबलावर सगळ्यांकडे बघितलं. रोगने (चोराचा क्लास घेतलेल्या खेळाडूने) ४० काढून दिली, पण बदल्यात पुढच्या दारावर आधी कोण जाणार तेही ठरवून घेतलं. मग बाकीचे पहारा देत बसले आणि ती उतरवत बसली. तिने खरोखर एक दोनशे पानी वही केली आहे, त्यात ती प्रत्येक स्पेल हाताने लिहिते. नियमांत याची काही गरज नाही. पण तिला आज विचारा, तिच्याकडचा प्रत्येक स्पेल कुठून आला ते ती सांगेल.

जादू वहीत असण्याची दुसरी बाजूही आहे. वही जळाली, चोरीला गेली, पाण्यात पडली, तर विझार्डकडे फक्त सकाळी तयार केलेले स्पेल उरतात. म्हणून अनुभवी माणूस वेळेवर दुसरी प्रत करून ठेवतो. स्वतःचे स्पेल पुन्हा उतरवायला स्वस्त पडतं, प्रत्येक लेव्हलमागे १ तास आणि १० नाणी. वहीचा एक मोठा फायदाही आहे. काही स्पेलपुढे 'रिच्युअल' असं लिहिलेलं असतं. ते नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त घेऊन केले तर स्लॉट खर्च होत नाही. विझार्डला असा स्पेल सकाळी तयार केलेला नसला तरी चालतो. वहीत असला की पुरे, समोर उघडून वाचत करायचा. क्लेरिकला, म्हणजे देवाकडून जादू मिळवणाऱ्याला, ही सोय नाही, कारण त्याच्याकडे वाचायला वहीच नाही.

सकाळी तयारी करायची ही कल्पना फार जुनी आहे. डी अँड डी १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. जादूची पद्धत गायगॅक्सने लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांवरून घेतली होती. त्या कथांत जादूगार मंत्र डोक्यात भरून घेतो आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्यामुळे एकच स्पेल दोनदा करायचा असेल तर सकाळी तो दोनदा भरावा लागायचा. पाचव्या आवृत्तीत तयार स्पेल आणि स्लॉट वेगळे झाले. एकदा तयार केला की स्लॉट आहेत तोवर तोच तो परत करता येतो. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत जादूच्या नियमांत झालेली ही सर्वांत चांगली सुधारणा आहे.

क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक

१९७४च्या पहिल्या पुस्तकांत क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. आणि त्यातल्या क्लेरिकला पहिल्या लेव्हलला एकही स्पेल मिळत नसे. आधी श्रद्धा सिद्ध करायची, मग देव देणार. आता पहिल्या लेव्हलपासून मिळतात, पण मूळ विचार तोच आहे. क्लेरिकची ताकद त्याच्या देवाकडून येते. त्याने ती कुठे उतरवून ठेवलेली नाही, म्हणून वही नाही, खर्च नाही, चोरीची भीती नाही. क्लेरिकांची जी पूर्ण यादी पुस्तकात आहे, ती सगळी त्याला खुली असते. रोज सकाळी प्रार्थनेनंतर त्यातून लेव्हल अधिक विझडमचा, म्हणजे शहाणपणाच्या गुणाचा, बोनस इतके स्पेल तो निवडतो. शिवाय देवाच्या क्षेत्राचे, म्हणजे डोमेनचे, काही स्पेल कायम तयारच असतात, ते मोजणीत धरत नाहीत. दहाव्या लेव्हलला क्लेरिक थेट देवाला हाक मारू शकतो. शंभराचा फासा टाकायचा, आपल्या लेव्हलइतका किंवा कमी आकडा आला तर देव धावून येतो. दहाव्या लेव्हलला ही शक्यता १० टक्के. तो फासा हातात घेतल्यावर टेबलावरचं कुणी मोबाइलकडे बघत नाही.

सॉर्सररचं सगळंच वेगळं. त्याने काही शिकलेलं नाही, कुणाकडे मागितलेलं नाही. ड्रॅगनचं रक्त अंगात आहे, किंवा जन्मताना काही विलक्षण घडलं, आणि जादू त्याच्यात आहे. म्हणून त्याला सकाळी निवड करायची नसते. जे येतं ते येतं. पहिल्या लेव्हलला २ स्पेल, विसाव्या लेव्हलला फक्त १५. लेव्हल वाढली की एखादा बदलता येतो, एरवी नाही. इतकं कमी का, असं वाटेल. पण जे स्पेल त्याच्याकडे आहेत ते तो वाकवू शकतो, आणि हे विझार्डला कितीही अभ्यास करून जमत नाही. दुसऱ्या लेव्हलपासून त्याच्याकडे सॉर्सरी पॉइंट येतात आणि तिसऱ्या लेव्हलला मेटामॅजिक. एकाच माणसावर चालणारा स्पेल एकदम दोघांवर करायचा, एरवी पूर्ण ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, घेणारा स्पेल झटक्यात उरकायचा, किंवा ओठ न हलवता, हात न उचलता करायचा. दरबारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कुणाला कळू न देता जादू करता येते. वाइल्ड मॅजिकचा सॉर्सरर असेल तर कधीकधी ताकद त्याच्याही हातातून निसटते. पन्नास ओळींच्या तक्त्यावर शंभराचा फासा टाकायचा, आणि तिथे स्वतःवरच फायरबॉल फुटण्यापासून क्षणभर कुंडीतलं झाड होण्यापर्यंत काहीही निघू शकतं. सॉर्सरर वेगळा क्लास म्हणून आला तो २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत.

वॉरलॉक करार करतो. सैतान, परीलोकातली कुणी बलाढ्य राणी, किंवा ताऱ्यांपलीकडचं एखादं पुरातन अस्तित्व त्याला ताकद देतं. तो क्लेरिकसारखा भक्त असेलच असं नाही. त्याने काहीतरी घेतलं आहे आणि काहीतरी द्यायचं कबूल केलं आहे. कराराच्या या जादूचे नियम इतके निराळे आहेत की आमच्याकडे सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे ९ स्लॉट असतात, वॉरलॉककडे २. बस, दोनच. पण ते दोन्ही तिसऱ्या पायरीचे असतात, आणि तासाभराच्या छोट्या विश्रांतीनंतर दोन्ही परत येतात. विझार्डला रात्रभर थांबावं लागतं. त्यालाही दिवसातून एकदा छोट्या विश्रांतीत थोडे स्लॉट परत मिळतात, पण थोडेच. म्हणजे दिवसात दोन छोट्या विश्रांती झाल्या तर वॉरलॉकला तिसऱ्या पायरीचे सहा स्पेल करता येतात, विझार्डकडे त्या पायरीचे स्लॉट दोनच असतात, छोट्या विश्रांतीत एक परत मिळवला तर तीन.

इथे डीएमची जबाबदारी येते, आणि हे मी कळकळीने सांगते. आमचं सेशन तीन-चार तासांचं. रविवारी मेगाब्लॉक असला की ठाण्याची मंडळी उशिरा पोचतात, मग घाईघाईत लढाईमागून लढाई उरकली जाते आणि पात्रांना थांबायला उसंतच मिळत नाही. अशा टेबलावर वॉरलॉक दोन स्पेल करून दिवसभर एल्ड्रिच ब्लास्ट ही एकच कँट्रिप टाकत बसतो आणि त्याला वाटतं, आपला क्लासच फालतू. त्याचा क्लास चांगला आहे, त्याला विश्रांती मिळाली नाही. तुम्ही टेबल चालवत असाल आणि समोर वॉरलॉक बसला असेल, तर छोट्या विश्रांतीची जागा गोष्टीत आधीच काढून ठेवा.

देव किंवा करार करणारी शक्ती नाराज झाली तर काय? यासाठी पुस्तकात तक्ता नाही. खेळाडू आणि डीएमने मिळून ठरवायचं, आणि शक्यतो पहिल्याच दिवशी बोलून घ्यायचं. न विचारता कुणाचे स्पेल काढून घेऊ नयेत.

बाकीचे क्लास या चौकटीत पटकन बसतात. ड्रुइडची ताकद निसर्गाची, नियम जवळपास क्लेरिकचे. बार्डची गाण्या-बोलण्यातली, त्याला ठरावीक स्पेल येतात, पण दहाव्या लेव्हलला तो इतर कुठल्याही क्लासचे दोन स्पेल उचलतो. चार ठिकाणी फिरून कानावर पडलेलं शिकणाऱ्या माणसाला ते शोभतं. पॅलाडिन आणि रेंजर अर्धे लढवय्ये, त्यांची जादू दुसऱ्या लेव्हलला सुरू होते आणि पाचव्या पायरीवर थांबते.

जादू कुठल्या गुणावर चालते, हेही उगमावरूनच ठरतं. अभ्यासाची असेल तर इंटेलिजन्स. भक्तीची किंवा निसर्गाची असेल तर विझडम. रक्तातली, कराराची किंवा कलेची असेल तर करिझ्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. तो बोनस सगळीकडे लागतो. समोरच्याने तुमचा स्पेल चुकवायला किती आकडा आणायचा, ते ८ अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा कौशल्याचा आकडा) अधिक हा बोनस. इंटेलिजन्स १६ असलेल्या पहिल्या लेव्हलच्या विझार्डचा तो १३ येतो. हा एक आकडा शीटवर पेनाने ठळक लिहून ठेवा, सेशनभर विचारला जातो.

दोन उगम एकत्र केले तर? तीन लेव्हल विझार्ड आणि दोन लेव्हल क्लेरिक घेतलेल्या कॅरेक्टरचे स्लॉट दोन्हींची बेरीज करून, म्हणजे पाचव्या लेव्हलचे मिळतात. त्यात तिसऱ्या पायरीचे दोन असतात. पण स्पेल मात्र प्रत्येक क्लासचे स्वतंत्र मोजायचे: विझार्ड म्हणून तिसऱ्या लेव्हलचं ज्ञान, क्लेरिक म्हणून दुसऱ्या लेव्हलचं. म्हणजे मोठा स्लॉट हातात आहे आणि त्या पायरीचा एकही स्पेल येत नाही. लहान स्पेल त्या स्लॉटने मोठे करून वापरायचे, एवढाच मार्ग. दोन गुरूंकडे थोडं थोडं शिकलं की असंच होणार, हा नियम मला अगदी पटतो.

२०२४च्या पुस्तकात यातलं काही बदललं. सगळेच क्लास आता आपले स्पेल 'तयार' करतात आणि किती करायचे ते थेट तक्त्यात दिलेलं आहे. बदलायचे कधी, ते मात्र अजूनही क्लासप्रमाणे: विझार्ड आणि क्लेरिक रोज, सॉर्सरर लेव्हल वाढल्यावर. पॅलाडिन आणि रेंजरला जादू पहिल्या लेव्हलपासून मिळते. आणि देवाचं डोमेन, रक्ताचा उगम, करार कुणाशी केला, हे सगळं सगळ्यांनी तिसऱ्या लेव्हलला निवडायचं. हा शेवटचा बदल मला आवडलेला नाही. नव्या खेळाडूवरचा भार कमी व्हावा म्हणून तो केला, हे समजतं. पण वॉरलॉकने दोन लेव्हल करार कुणाशी झाला ते न ठरवता काढायच्या, याने गोष्ट पातळ होते. आमच्याकडे ते नाव पहिल्याच दिवशी ठरतं, नियम तिसऱ्या लेव्हलला लागू झाले तरी.

सुरुवात करायला पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही. एसआरडी ५.१ नावाचा २०१४च्या नियमांचा संच जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला आहे, प्रत्येक क्लासचा एकेक प्रकार त्यात आहे. त्यातली आपल्या क्लासची पानं झेरॉक्स केली की काम भागतं.

पहिल्यांदा कुठला क्लास घ्यावा, असं विचारलं की बरेच जण सॉर्सरर सुचवतात, कारण स्पेल कमी, म्हणून डोक्याला ताप कमी. मी क्लेरिक देते. सॉर्सररने पहिल्या दिवशी निवडलेले दोन स्पेल लेव्हल वाढेपर्यंत गळ्यात पडतात, आणि नव्या माणसाला कुठले चांगले ते अजून माहीतच नसतं. क्लेरिकचं तसं नाही. आज घेतलेला स्पेल उपयोगी पडला नाही, तर उद्या सकाळच्या प्रार्थनेनंतर तो दुसरा घेतो.